गंजलेल्या चेसिसचा निवाडा

मालवाहू वाहनाचे जे अंग सर्वांत अधिक भार वाहते तेच सर्वांत कमी पाहिले जाते, ही गोष्ट वाहनांच्या व्यवहारात वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असूनही तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. रंग, दिवे, टायर, इंजिनाचा आवाज यांकडे मालकाचे, गिऱ्हाइकाचे आणि नाक्यावरच्या शिपायाचेही लक्ष सहज जाते. परंतु ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर इंजिन, केबिन, हौदा आणि हौद्यातला माल हे सारे उभे असते, आणि ज्यांना गॅरेजच्या बोलीत चेसिस म्हणतात, त्या तुळया चिखलाच्या आणि काळ्या रंगाच्या थरांखाली वर्षानुवर्षे अदृश्य राहतात, व त्यांची प्रकृती बिघडल्याची पहिली वार्ता पुष्कळदा त्या मोडल्यावरच मिळते.

सोलापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखात लोखंडाला गंज तो कितीसा चढणार, अशी एक समजूत आहे, आणि ती अर्धी खरीही आहे. कोकणच्या हवेत जे लोखंड थोड्या पावसाळ्यांत खाल्ले जाते ते येथे दीर्घकाळ तग धरते. पण गंजाला पावसाची झोड लागत नाही. थोडा ओलावा आणि त्यास मिठाची संगत एवढे त्यास पुरते, आणि मीठ तर या शहराच्या उद्योगातच मुरलेले आहे. टॉवेल व चादरी यांचे सुती सूत रिॲक्टिव्ह रंगांनी रंगविताना रंग धाग्यात उतरावा म्हणून दर लिटर पाण्यामागे 30 ते 100 ग्रॅमपर्यंत मीठ घालावे लागते. ते पोत्यांनी डाइंगच्या कारखान्यांत येते, आणि ज्या लहान पिकअपमधून ते उतरते तिच्याच हौद्यात परतीच्या खेपेस ओल्या सुताचे गठ्ठे चढतात. जिल्ह्यातील ऊस आणि डाळिंब यांच्या मुळांशी जाणारे पोटॅशचे खतही बहुधा क्लोराइडच्याच जातीचे असते. शिवाय किनाऱ्यावर मासळी आणि बर्फ वाहून थकलेली वाहने स्वस्त मिळतात म्हणून घाट चढून वर येतात, आणि समुद्राचे मीठ पोटात घेऊनच येतात.

अशीच एक जुनी पिकअप अक्कलकोट रस्त्यावरील एका वेल्डिंगच्या शेडमध्ये उभी असता तिच्या भवितव्याविषयी दोन जाणत्या माणसांत, तिच्या तपासणीपूर्वी आणि तपासणीनंतर, जी चर्चा झाली, तिचा सारांश येथे दिला आहे. एक मोटार वाहन निरीक्षकाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, नियमांचा मान राखण्यात आयुष्य घालविलेले गृहस्थ. दुसरे त्या शेडचे मिस्त्री, ज्यांचा हात एके काळी कापडगिरणीच्या वर्कशॉपात घडला. टॉवेलच्या लहानशा धंद्यातला मालक जवळच उभा होता. त्याने दोघांकडूनही सल्ला मागितला होता, आणि दोघांचे सल्ले परस्परविरुद्ध होते.

निरीक्षक : मिस्त्री, मी आडवळणाने बोलत नाही. ही गाडी रस्त्यावरून उतरविण्याची वेळ आली आहे. मागच्या आसावर, जेथे तुळई वर उचलून वळविलेली आहे, तेथे बोटाने दाबले तरी पापुद्रे गळतात. अशी गाडी चार पत्रे ठोकून पुन्हा पासिंगला उभी करणे म्हणजे जे वाहन कागदावर जिवंत आणि वस्तुतः संपलेले आहे त्यास आणखी एक वर्षाची मुदत मिळवून देणे होय. आठ वर्षांपलीकडच्या मालवाहू वाहनास दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो, आणि तो दाखला नसेल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 56 व्या कलमाप्रमाणे त्याची नोंदणीच वैध मानली जात नाही. हा कडकपणा कोणाच्या छळासाठी योजलेला नाही. 2021 साली जुनी वाहने रीतसर मोडीत काढण्याच्या केंद्रांचे नियमही झाले. सरळ मार्ग आखून दिलेला असता आपण पाऊलवाट का शोधावी?

मिस्त्री : साहेब, भंगारात घालावयाची तर घालू, पण न पाहता नको. आपण पापुद्रे पाहिले. लोखंड अजून आपण दोघांनीही पाहिलेले नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून एक मिलिमीटर पोलाद खाल्ले गेले असले तरी वरचा थर असा फुगतो की सारी तुळई संपली असे वाटावे. याच्या उलट, वरून चकचकीत काळा रंग आणि आतून पेटी पार कुजलेली, असाही प्रकार या शेडमध्ये आलेला आहे. या गाडीची तुळई चौकोनी पेटीची आहे. पाणी निथळावे म्हणून तिच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की मिठाचे पाणी आत कोंडते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. आधी गाडी दाबाच्या पाण्याने धुवावी, छिद्रे मोकळी करावीत, चांगली सुकू द्यावी. मग टोकदार हातोडीने दर चार बोटांवर ठोका देत पुढून मागे जावे. मडके घेताना जसे वाजवून घेतात तसेच हे आहे. निरोगी पोलाद खणखणते आणि कुजलेले बद्द बोलते. जेथे आवाज बद्द येईल तेथे ग्राइंडर आणि वायर ब्रश लावून उजळ धातू उघडा पाडावा, जेथे तरीही शंका उरेल तेथे बारीक भोक पाडून भिंतीची जाडी मोजावी, आणि अल्ट्रासॉनिक मापक मिळाले तर भोकाचेही कारण उरत नाही. ते आकडे खडूने तुळईवरच लिहावेत. एवढे झाल्यावर मग मोड की दुरुस्ती हे बोलावे.

निरीक्षक : आकडे घेण्यास माझी हरकत नाही, पण आकड्यांचा अर्थही आपण नीट लावला पाहिजे. चार मिलिमीटरची भिंत गंजून दोनवर आली की तुळईची वाकण्याविरुद्धची ताकद जवळजवळ निम्मी होते, एवढे मालकासही समजेल. परंतु गाडीची तुळई एका फटक्याने क्वचितच मोडते; खड्ड्याखड्ड्यागणिक ती वाकते आणि सरळ होते, आणि अशा लक्षावधी आवर्तनांनी ती थकते. या थकव्याचा हिशेब सरळ प्रमाणात चालत नाही. वेल्ड केलेल्या जोडावरील ताण दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य निम्मे न होता सुमारे आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे वर्षभर टिकेल अशा भरवशाने ज्या जोडावर आपण गाडी सोडली, तो दीड महिन्यात तडकू शकतो, आणि त्या दीड महिन्यात तो बाहेरून अगदी निर्दोष दिसतो. अमेरिकेत ओहायो नदीवर 1928 साली बांधलेला सिल्व्हर ब्रिज 15 डिसेंबर 1967 रोजी संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि 46 माणसे दगावली. चौकशीअंती कारण निघाले ते एका पोलादी साखळीदांड्याच्या भोकाच्या कडेला गंज आणि ताण यांनी मिळून पाडलेली अवघी अडीच मिलिमीटर खोल चीर. आणि ती अशा ठिकाणी होती की सांधा सोडविल्यावाचून कोणाच्याही दृष्टीस पडली नसती. पुलाची जी कथा तीच लहान प्रमाणात गाडीची. जेथे दृष्टी पोचत नाही तेथे मी विश्वास तरी कशाच्या आधारावर ठेवावा?

मिस्त्री : आपण सांगता तो धोका खरा आहे आणि तो नाकारणारा मिस्त्री धंद्यात नसावा. वाईट जोड हा गंजापेक्षा वाईट. कारण गंजलेल्या जागेबद्दल लोक सावध असतात आणि जोडलेल्या जागेबद्दल निर्धास्त होतात. पण वाईट जोड कसा होतो हे ठाऊक असेल तर चांगला कसा होतो हेही सांगता येते. पहिली चूक म्हणजे गंजावरच पट्टी मारणे. गंज आणि पट्टी यांच्या फटीत ओल राहते, आत गंज फुगतो आणि जाड पट्टीलाही उचकटून काढतो. म्हणून कुजलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढलाच पाहिजे. दुसरी चूक म्हणजे तुळईला आडवा, सरळ उभ्या रेषेत टाका मारणे. त्या रेषेलगतचे पोलाद उष्णतेने बदलते, आणि सगळा बदल एकाच छेदात आला की तुळई तेथेच तुटावयास बघते. म्हणून आधारपट्टीची टोके तिरकी, लांबट निमुळती कापावी, म्हणजे भार एका जागी न पडता थोडाथोडा पट्टीत उतरतो. आणि तुळईच्या वरच्या व खालच्या पाळीच्या कडेला आडवा टाका कदापि मारू नये. गाडी भरली म्हणजे दोन आसांमध्ये तुळईची खालची पाळी ताणली जाते, मागच्या आसापलीकडे जो भाग बाहेर येतो तेथे वरची पाळी ताणली जाते, आणि उभ्या भिंतीच्या मध्याला ताण सर्वांत कमी असतो. मध्यावरचे भोक आणि पाळीवरचे भोक यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोठे जोडावे यापेक्षा कोठे जोडू नये हे ज्यास कळते, त्याच्याच हाती हे काम द्यावे.

निरीक्षक : आणि ते ज्यास कळत नाही तोही दुकानाच्या दारावर ‘सर्व प्रकारची वेल्डिंगची कामे’ अशी पाटी लावतोच. गिऱ्हाइकाला फरक कसा कळावा?

मिस्त्री : काम चालू असताना येऊन उभे राहिले तर थोडा तरी कळतो. जाणता मिस्त्री आधी बॅटरी सोडतो, डिझेलची टाकी उतरवितो, ब्रेकचे पाइप आणि वायरी बाजूला घेतो. आणि ब्रेकचे पाइप त्याच गंजाने खाल्ले असतील तर तेही बदलावयास सांगतो, मग मालकाने कितीही तोंड वाकडे केले तरी. गाडी दोन जॅकवर लोंबती न ठेवता तुळईला जागोजाग घोड्या लावून ती पातळीत घेतो, कारण वाकलेल्या स्थितीत जोडलेली तुळई जन्मभर वाकडीच राहते. कापण्यापूर्वी एका तुळईच्या ठरलेल्या भोकापासून दुसऱ्या तुळईच्या भोकापर्यंत दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवतो आणि टाके मारल्यावर पुन्हा मोजतो. कर्ण जुळले नाहीत तर गाडी तिरकी चालणार आणि टायर खाणार. पट्टी मूळ भिंतीच्याच जाडीची आणि जातीची घेतो, कारण फार जाड पट्टीच्या कडेला मऊ जुनी भिंत तडकते. हातात येईल तो रॉड न वापरता भार सोसणाऱ्या कामासाठी असलेला, कोरडा ठेवलेला, कमी हायड्रोजनचा रॉड घेतो किंवा सीओटू वेल्डिंग करतो; आणि एका दमात लांब टाका न ओढता थोडा येथे, थोडा तेथे, मधे थंड होऊ देत काम पुरे करतो. शेवटी झिंकचा प्रायमर, त्यावर रंग, आणि पेटीच्या आत मेणाचा किंवा तेलाचा फवारा, कारण जोडाच्या आतली बाजू आगीने नागडी झालेली असते आणि गंज पुन्हा तेथूनच सुरू होतो. यांतले एकही काम गुप्त नाही. प्रत्येक टप्पा मालकाला पाहता येतो.

निरीक्षक : आपले कसब मी मान्य करतो. पण एवढे कसब जगात असूनही मोठ्यांनी काय केले ते पाहा. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा नावाच्या पिकअपच्या चेसिस अमेरिकेत, हिवाळ्यात जेथे बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात त्या प्रदेशांत, भोके पडेपर्यंत गंजल्या. गंजविरोधी लेप पुरेसा नव्हता असा आक्षेप होता. 2008 मध्ये कंपनीने जुन्या टॅकोमांच्या चेसिसची हमी 15 वर्षांपर्यंत वाढविली आणि ज्या फार खराब निघाल्या त्या गाड्या ठरीव बाजारभावाच्या दीडपट किमतीस परत घेतल्या. पुढे 2016 मध्ये सुमारे 15 लाख वाहनांविषयी दावा मिटला तेव्हा तपासणी आणि चेसिस बदलून देणे यांचा अंदाजे खर्च 3.4 अब्ज डॉलरपर्यंत धरला गेला. पट्ट्या मारणे किती स्वस्त पडले असते याचा विचार करा. तरी भोक पडलेल्या चेसिसला त्यांनी पट्टी न लावता नवी चेसिस दिली. ज्याने ती वस्तू बनविली त्यालाच जोडाचा भरवसा वाटला नाही, तर आपण तो का बाळगावा?

मिस्त्री : त्या कंपनीपाशी नवी चेसिस होती आणि ती देण्यास पैसा होता, म्हणून तिने योग्य तेच केले. येथे प्रश्न असा आहे की या मालकाला ती कोण देणार? गाडी इतकी जुनी की हमीचा कागदही आता सापडणार नाही. भंगाराच्या भावाने जे हाती येईल त्यात नवी पिकअप येत नाही. त्यात येते दुसरी जुनी पिकअप, कदाचित किनाऱ्यावरूनच आलेली, नवा काळा रंग फासलेली, जिच्या पोटात काय आहे हे ना याला ठाऊक, ना आपणास. ज्या गाडीचा रोग आपण हातोडीने वाजवून, आकडे लिहून ओळखला तिला मोडीत काढावयाचे, आणि जिची कोणी नाडीही पाहिली नाही तिला त्याच रस्त्यावर आणावयाचे, यात सुरक्षितता वाढली कोठे? आणि या गाडीवर एक घर चालते, साहेब. मजूर, दोन माग, सुताची उधारी, हे सारे तिच्या खेपांवर उभे आहे. गरिबाच्या वस्तूचे आयुष्य दुरुस्तीनेच वाढते. दुरुस्तीला बंदी केली तर तो चोरून दुरुस्ती करील, आणि चोरून केलेली दुरुस्ती वाईटच असणार.

निरीक्षक : आपला पहिला मुद्दा मला निरुत्तर करतो, दुसरा करीत नाही. ज्या जुन्या गाडीची चौकशी झाली नाही ती चौकशी झालेल्या गाडीहून भयंकर, हे खरे. पण मालकाच्या गरिबीचा भार समोरून येणाऱ्याने का उचलावा? होटगीहून सायकलवर कामाला येणारा मजूर, विजापूरच्या रस्त्याने दुचाकीवर मुलाला घेऊन जाणारी आई, यांना कोणी विचारले का, की या तुळईचा धोका तुम्हांस मान्य आहे? मालकाने धोका पत्करला तर त्यात त्याचा नफा आहे. त्यांनी काय म्हणून पत्करावा? गरिबाविषयीची दया जर दुसऱ्या गरिबाच्या जिवावर करावयाची, तर ती दया नव्हे. माझ्या नोकरीत मी ज्यांना नकार दिले त्यांतल्या पुष्कळांची कहाणी अशीच हलाखीची होती. कहाणी खोटी होती म्हणून मी नकार दिला नाही, रस्ता सर्वांचा आहे म्हणून दिला.

मिस्त्री : हे आपले म्हणणे मी शिरसावंद्य मानतो, आणि म्हणूनच या गाडीचा निवाडा मी आपल्यासमोर करतो. हे खडूचे आकडे पाहा. मागच्या आसापलीकडची दोन्ही टोके खाल्ली गेली आहेत. तेथे हौद्याचे शेवटचे टोक आणि बंपर यांपलीकडे काही नाही. तो भाग कापून मूळ मापाची नवी पेटी जोडता येईल आणि मी तो जोड हमीने देईन. डाव्या तुळईच्या भिंतीत हे एक भोक मध्यावर आहे; तेही निमुळत्या पट्टीने नीट होईल. पण उजवीकडे या. मागच्या पाट्याचा पुढचा हँगर जेथे रिव्हेटांनी तुळईला धरलेला आहे, तेथे दोन पत्र्यांच्या मधल्या गंजाने फुगून रिव्हेट सैल केले आहेत आणि खालची पाळी दोन मिलिमीटरही उरलेली नाही. मागचा आस याच कानाने तुळईला धरून राहतो. हा सुटला तर भरधाव गाडीचा मागचा आस तिरका होईल. आणि पुढे, स्टिअरिंगचा बॉक्स ज्या जागी बसतो, तेथेही हातोडी बद्द बोलते. या दोन जागी मी टाका मारणार नाही. कोणी दुप्पट मजुरी दिली तरी नाही. तेव्हा या चेसिसची दुरुस्ती होत नाही. मालकाने एक तर बनविणाऱ्याकडून नवी चेसिस मिळते का, आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीला शोभतो का, हे पाहावे. नाही तर गाडी मोडीत द्यावी.

निरीक्षक : म्हणजे शेवटी आपण माझ्याच निर्णयावर आलात.

मिस्त्री : निर्णय एकच, पण वाट निराळी, आणि ती वाट महत्त्वाची आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी येईल, जिची केवळ मागची टोके गेली असतील. आपल्या वाटेने तीही मोडीत जाईल. माझ्या वाटेने ती आणखी काही वर्षे प्रामाणिकपणे चालेल.

निरीक्षक : असेल, पण त्या दुसऱ्या गाडीस दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यास आपली हातोडी आणि आपले आकडे कसे कळावेत? त्याच्यासमोर गाडी येते ती रंग लागून. जोड कोठे आहे, कोणी दिला, कापून दिला की गंजावर चिकटविला, याची नोंद कोठेही नसते. फिटनेसच्या दाखल्यावर तिला रकानाही नाही. नवी चेसिस बसवावयाची झाली तर निदान चेसिसचा क्रमांक आड येतो. नोंदणीपुस्तकातील क्रमांक आणि धातूवर कोरलेला क्रमांक जुळला पाहिजे, म्हणून नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ते काम करताच येत नाही. पण जुन्या चेसिसला दिलेला जोड मात्र सर्वथा मूक राहतो. प्रामाणिक जोड आणि लबाड जोड यांवर एकच काळा रंग बसतो, आणि म्हणून माझ्यासारखा माणूस दोन्हींवर अविश्वास दाखवितो.

मिस्त्री : मग गिरणीत काय होत होते ते आठवा. मी उमेदवारी केली ती बॉयलरच्या कामावर. या शहरात 1877 साली पहिली गिरणी चालू झाली, तेव्हापासून वाफेवर हजारोंचे पोट चालले. पत्रे तेथेही गंजत होते, नळ्या तेथेही खाल्ल्या जात होत्या, आणि जुना झाला म्हणून कोणी बॉयलर भंगारात टाकीत नव्हते. दुरुस्त करीत होते. पण ती दुरुस्ती कशी? 1923 च्या बॉयलर कायद्याप्रमाणे बांधणीत कोणताही बदल करावयाचा किंवा भाग नवा घालावयाचा तर मुख्य निरीक्षकाची लेखी मंजुरी आधी घ्यावी लागे. वेल्ड करणारा परीक्षा दिलेला असे. काम झाल्यावर निरीक्षक येई, पाण्याचा दाब देऊन परीक्षा होई, आणि मगच दाखला मिळे, तोही फार तर बारा महिन्यांचा. आमच्या वस्तादांचा टाका उत्तम असे, पण ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे ते कधी म्हणाले नाहीत. रंग लावण्यापूर्वी साहेबांना बोलवा, एवढेच म्हणत.

निरीक्षक : हे मात्र आपण माझ्याच खात्याच्या थोरल्या भावाकडून पुरावा आणलात! तो कायदा जाऊन 2025 साली नवा बॉयलर कायदा झाला, पण मंजुरी, परीक्षा आणि दाखला ही तत्त्वे त्यातही राहिली आहेत. चेसिसच्या दुरुस्तीला अशी शिस्त असेल, म्हणजे कापण्यापूर्वी आकड्यांची नोंद, कोणत्या जागा दुरुस्तीस वर्ज्य याची यादी, परीक्षा दिलेला हात, रंगापूर्वी पाहणी आणि दाखल्यावर जोडाची व जोडणाऱ्याची नोंद, तर माझा आक्षेप बराचसा गळून पडेल. सर्व नाही. गाडी जितकी जुनी तितका संशय अधिक, हे मी सोडणार नाही. पुराव्याचा भार दुरुस्त करणाऱ्यावरच राहिला पाहिजे.

मिस्त्री : तो भार मी आनंदाने घेतो. आजपर्यंत तो कोणी मागितलाच नाही, हीच माझी तक्रार आहे.

येथे त्यांचे बोलणे थांबले. मतभेद पुरता मिटला नाही, आणि तो मिटावा असेही मला वाटत नाही. निरीक्षकाचा संशय नसेल तर मिस्त्रीच्या कसबाला सुस्ती चढेल, आणि मिस्त्रीचे कसब नसेल तर निरीक्षकाच्या संशयापाशी मोडीत काढण्यावाचून दुसरे उत्तर राहणार नाही. मात्र या संवादातून एक गोष्ट मला निर्विवाद दिसते. जुनी वस्तू दुरुस्त करावी की टाकावी हा प्रश्न आपण वयावर सोडवू पाहतो, कारण वय कागदावर वाचता येते आणि धातूची जाडी वाचण्यास गाडीखाली आडवे व्हावे लागते. ज्या समाजात खाली आडवे होऊन पाहणारा आणि पाहिलेले लिहून ठेवणारा माणूस मिळतो, त्यास वस्तू अकाली मोडीत काढण्याची गरज पडत नाही, आणि कुजलेली वस्तू रस्त्यावर सोडण्याची मुभाही राहत नाही.

मिस्त्रीने सांगितलेली बॉयलरची रीत मला म्हणूनच अनुकरणीय वाटते. तिने दुरुस्तीचा हक्क आणि तपासणीचा अधिकार यांना एकमेकांचे शत्रू मानले नाही. तिने दुरुस्ती कायदेशीर केली आणि त्याच हाताने ती उघडी ठेविली. सोलापुरात वेल्डिंगचे हात शेकड्यांनी आहेत, आयटीआयमधून दरवर्षी नवे हात बाहेर पडत आहेत. त्यांच्यासाठी चेसिसच्या कामाची वेगळी परीक्षा ठेवणे, आणि फिटनेसच्या दाखल्यावर जोडाच्या नोंदीस एक रकाना देणे, यास फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. हे सरकारने करावयाचे. तोपर्यंत मालकांना करण्यासारखे जे आहे ते आजही त्यांच्या हाती आहे : मिठाची किंवा खताची खेप उतरली की हौदा आणि तुळया गोड्या पाण्याने धुणे, निथळण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, दर वर्षी मृगापूर्वी एकदा गाडीखाली हातोडी फिरविणे, आणि ज्या मिस्त्रीने जोड दिला त्याच्याकडून जोडाची जागा, तारीख आणि त्याचे नाव कागदावर लिहून घेणे. नाव लिहून देण्यास जो मिस्त्री तयार नसेल, त्याच्या जोडावर माल लादू नये.